पाऊणकीचा समुद्र

मागच्या श्रावणात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हांला एक तक्ता पाठवला. बारावीपर्यंत त्याचे मराठी आमच्याकडे होते. पुढे तो अभियंता झाला आणि आता जर्मनीत असतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे आई-वडील पहिल्यांदाच त्याच्याकडे जायचे होते, आणि सर्वांनी मिळून भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर आठवडाभर राहावे असा त्याचा बेत होता. तक्ता मोठा नेटका होता. लहान मुले असतील तर मायोर्का, कारण तिथे उत्तरेकडे अल्कुदियाच्या आखातात पाणी उथळ आणि वाळू मऊ. इतिहासाची ओढ असेल तर क्रीट, कारण तिथे क्नोसॉसच्या राजवाड्याचे अवशेष. नाहीतर माल्टा, पण तिथला किनारा बहुतेक खडकाळ. नवविवाहितांसाठी सांतोरिनी, गाव कड्यावर आणि काळी वाळू खाली. रात्र जागवणाऱ्यांसाठी इबिझा. शेवटची ओळ आई-वडिलांची. तीत लिहिले होते : 'आराम. पायऱ्या कमी. देऊळ नाही, पण जवळ चर्च आहे.' आणि खाली प्रश्न : 'सर, मॅडम, तुम्ही काय निवडाल?'

प्रश्न वाचून आम्हांला आधी हसू आले आणि मग थोडे ओशाळल्यासारखे झाले. समुद्राबाबत आमचा अधिकार तो काय! जवळा बाजार हे परभणीहून औंढा नागनाथमार्गे हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचे, नावातच बाजार असलेले गाव. तूर, सोयाबीन, हळद, कापूस ही इथली बोलण्याची मुख्य विषयसूची. पाणी म्हणजे पूर्णा नदी, आणि पूर्णा म्हणजे येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांत यंदा किती साठा झाला हा प्रश्न. कोकणचा किनारा इथून रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. आम्ही दोघांनी समुद्र पाहिला होता तो मुंबईत, कामानिमित्त गेलो असता, गिरगावच्या चौपाटीवर, संध्याकाळी तासभर.

आणि तरीही वीस वर्षे आम्ही समुद्र शिकवत आलो आहोत. मराठी शिकवणाऱ्याला समुद्र टाळता येत नाही. श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्या आहेत, चिं. त्र्यं. खानोलकर आहेत, बोरकर आहेत, जयवंत दळवी आहेत. 'पुळण' हा शब्द आला की आम्ही सांगत असू, पुळण म्हणजे समुद्राकाठची वाळू. आणि मुले ती वहीत उतरवून घेत. 'उधाण' म्हणजे मोठी भरती, हेही तसेच. एकदा बी.ए.च्या वर्गात एका मुलीने विचारले, "मॅडम, ओहोटीला पाणी जातं कुठं?" चंद्राच्या आकर्षणाचे जे ठाऊक होते ते सांगितले. ती म्हणाली, "ते का जातं ते झालं. जातं कुठं?" वर्ग हसला. तास संपला. तो प्रश्न मात्र आमच्या घरी आला आणि राहिला.

तेव्हा त्या तक्त्याच्या निमित्ताने आम्ही आपलाही एक तक्ता करायला घेतला. निघणार होतो पाच जण. आम्ही दोघे, बारावीची परीक्षा डोक्यावर असलेली मुलगी, जिला कुठेही चालेल पण मोबाईलला रेंज हवी, नऊ वर्षांचा मुलगा, ज्याला होड्या हव्यात, आणि आई. आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, गळ्यात माळ, दर एकादशीला उपवास.

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत नकाशावर बोट फिरवताना लक्षात आले की, कोकणचा किनारा सलग असला तरी एकसारखा नाही. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. मुरूड-जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने सिद्दीचा किल्ला गाठता येतो. हरिहरेश्वरला देवळामागून समुद्राच्या कडेने खडकांवरून प्रदक्षिणा आहे, पण ती ओहोटीलाच करायची. गणपतीपुळ्याला देऊळ थेट किनाऱ्यावर, आणि अगदी जवळ मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान, जिथे कोकण मराठी साहित्य परिषदेने 1994 मध्ये स्मारक उभे केले. तारकर्लीला स्वच्छ पाणी, मालवणला सिंधुदुर्ग किल्ला. त्याहून खाली वेंगुर्ले तालुक्यात शिरोडे, जिथे वि. स. खांडेकर 1920 साली शाळामास्तर म्हणून गेले आणि जिथे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला.

आमचा कौल अर्थातच गणपतीपुळ्याकडे गेला. एकाच जागी सर्वांचे समाधान! मुलाला पाणी, मुलीला रेंज, आम्हांला केशवसुत आणि आईला देव. तक्त्यातील सगळी घरे भरली. आम्ही मोठ्या समाधानाने तो बेत रात्री जेवताना आईंना सांगितला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता ऐकून घेतले आणि म्हणाल्या,

"देव औंढ्याला हाय. नर्सीला हाय. पंढरीला तर दरसाल जाते मी. देवासाठी कामून जायचं एवढ्या लांब? मला समिंदर बघायचा."

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ याच वाक्याविषयी बोलत होतो. आमच्या भागात आईंच्या पिढीतील बायका प्रवास करीत नाहीत असे नाही. पण त्यांच्या प्रत्येक प्रवासाला परवाना लागतो. लग्न, बाळंतपण, मयत, माहेर आणि देव. यांतील पहिली चार कारणे दुसऱ्यांची असतात, उरतो देव. म्हणून वारी, म्हणून औंढा, म्हणून परळी. देव हे त्या बायकांचे श्रद्धास्थान असते आणि घराबाहेर पडण्याची वाटही असते. आम्ही आईंच्या नावापुढे 'देव' असे लिहिले तेव्हा त्यांच्या श्रद्धेचा मान राखतो आहोत असे वाटले होते; प्रत्यक्षात आम्ही तोच जुना परवाना पुन्हा एकदा भरून दिला होता. जर्मनीतल्या आमच्या विद्यार्थ्याने देऊळ नाही म्हणून चर्च लिहिले, ते याच सवयीने.

नर्सी आमच्याच जिल्ह्यात. नामदेवांच्या नावावरील तीर्थावळीत ज्ञानदेव त्यांना तीर्थयात्रेला चला म्हणतात, आणि पंढरी सोडण्याच्या कल्पनेनेच नामदेवांचा जीव कासावीस होतो. देव इथे असताना तीर्थे कशाला, हा त्यांचा सवाल. आईंनी आयुष्यभर कीर्तनांतून हा प्रसंग ऐकलेला. मात्र त्यांनी त्यातून काढलेला अर्थ आम्हांला वर्गात कधी सुचला नव्हता. देव इथे आहेच. म्हणजे बाहेर जायचे ते देवासाठी नव्हे. मग माणूस मोकळा झाला, जे पाहायचे ते पाहायला.

भूमध्य समुद्रातील बेटांवरच्या मुक्कामाचे मोठे वर्णन होमरच्या 'ओडिसी'त आहे. कॅलिप्सोच्या बेटाइतकी रम्य जागा दुसरी नाही. तिथे सर्व सुखे आहेत आणि ओडिसियस तिथे सात वर्षे आहे. तो रोज किनाऱ्यावर बसून रडतो, कारण त्याला घरी जायचे असते. बेट उत्तम होते, पण त्याला काय हवे हे कुणी विचारले नव्हते.

तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले. "समुद्र बघायचा म्हणजे कसा बघायचा?"

"पायानं बघायचा," आई म्हणाल्या. "गुडघ्याइतक्या पान्यात. कुनी हात न धरता."

आणि इथे आमचा तक्ता कोसळला. कारण हा निकष कोणत्याच पर्यटन पुस्तिकेत नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांची, पोहता न येणारी, गुडघे कुरकुरणारी बाई कुणाच्या आधाराशिवाय समुद्रात उभी राहू शकेल असा किनारा कोणता? गणपतीपुळे पहिल्या फटक्यात बाद झाले. तिथला किनारा पाण्यात शिरताच एकदम उतरतो आणि प्रवाह ओढून नेतो. तिथे बुडालेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. हरिहरेश्वरचे खडक निसरडे. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यानंतर महाविद्यालयीन सहलींचे नियम कडक झाले. आम्हीही सहली नेतो. ती बातमी वाचून स्टाफरूममध्ये पसरलेली शांतता आम्हांला आठवते. समुद्र न पाहिलेल्या माणसाला पाणी शांत दिसले की ते सुरक्षित वाटते. नदीच्या डोहाची भीती आम्हांला ठाऊक असते, ओहोटीच्या ओढीची नसते.

भूमध्य समुद्र आणि आपला समुद्र यांत इथे मोठा फरक आहे. भूमध्य समुद्र जवळजवळ सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेला. त्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतील अंतर जेमतेम फूटभर. तिथे बेट निवडले की किनारा निवडून होतो. तो सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी. आपल्याकडे मुंबईजवळ मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. दक्षिणेकडे वेंगुर्ल्यापर्यंत हे अंतर कमी होत जाते, तरी ते दोन मीटरांच्या आसपास असतेच. म्हणजे कोकणात नुसता किनारा निवडून भागत नाही, वेळही निवडावी लागते. सकाळी दहा वाजता जो किनारा आजीला योग्य, तोच दुपारी चारला नातवालाही योग्य नसतो.

चौकशी करता करता दापोली तालुक्यातील मुरूड आणि कर्दे ही नावे पुढे आली. हे मुरूड जंजिऱ्याचे नव्हे. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तिथली पुळण रुंद, सपाट, उतार अगदी मंद, आणि ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू अशी घट्ट की तिच्यात पाय रुतत नाही. गुडघेदुखीवाल्याला मऊ कोरडी वाळू हाच खरा शत्रू, हे आम्हांला तेव्हा कळले. होड्या हव्यात तर शेजारी हर्णै बंदर, समोर सुवर्णदुर्ग, आणि बंदरावर मासळीचा लिलाव. राहायला वाडीतली घरे, जिथे शाकाहारी जेवण मिळते. माळकरी माणसाला हीही अडचण असतेच. शिवाय पेंडशांचे मुर्डी आणि साने गुरुजींचे पालगड याच तालुक्यात. आमचाही स्वार्थ साधत होता.

ज्यांच्या घरी उतरायचे ठरले त्या आजोबांना आम्ही फोन करून विचारले, "ओहोटी किती वाजता असते?" पलीकडून हसू ऐकू आले. "घरात पंचांग आहे ना? मग मला काय विचारता? तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. तिच्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ती ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, पण फसत नाही."

आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. सहा गुणिले शून्य पूर्णांक पंचाहत्तर... तोवर माजघरातून आवाज आला :

"सहा पाऊण साडेचार. साती पाऊण सव्वापाच. आठी पाऊण सहा."

पावकी, निमकी, पाऊणकी. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी खेड्यातल्या शाळेत घोकलेली आणि पुढे बाजारात, कापसाच्या वजनाला, मजुरीच्या हिशेबाला वापरलेली ती पाऊणकी आईंच्या जिभेवर होती. तिथ्या तर त्यांना पाठच. एकादशी धरणाऱ्या माणसाला तिथी विचारावी लागत नाही. म्हणजे समुद्राचे वेळापत्रक वाचण्याची दोन्ही साधने, पंचांग आणि पाऊणकी, आमच्या घरात समुद्र न पाहिलेल्या एकाच माणसाजवळ होती. आम्ही दोघे एम.ए. असून गणकयंत्र शोधत होतो.

तारखा मग त्यांनीच काढल्या. मार्गशीर्ष वद्य षष्ठी, सप्तमी, अष्टमी. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहाला; ऊन कोवळे, किनारा मोकळा. शिवाय पौर्णिमा-अमावास्येजवळ असते ते उधाण, अष्टमीच्या सुमारास असतो तो भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही, फार ओढतही नाही. हे फोनवरच्या आजोबांनी सांगितले. आणि एकादशीच्या आत घरी परत. 'भांग' हा शब्द या अर्थाने आम्ही प्रथमच ऐकला.

परभणीहून रेल्वेने पुणे आणि तिथून एसटीने दापोली असा प्रवास. आईंनी बरोबर ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि येसर घेतला होता. "तिकडं तांदळाच्या भाकरी असतेत म्हनं" एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

षष्ठीच्या सकाळी सुरूच्या बनातून बाहेर पडलो आणि समोर समुद्राच्या आधी लांबच लांब ओली, चकाकती वाळू दिसली. आई थांबल्या. म्हणाल्या, "केवढं मोठं वाळवंट!"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. वारकऱ्यांच्या भाषेत वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे. जिथे कीर्तन होते, जिथे माणसे भेटतात, जिथे पाणी जवळ असते, ते. वीस वर्षे आम्ही 'पुळण' या शब्दाचा अर्थ वहीत लिहून देत होतो आणि आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरात त्या शब्दाला सख्खा भाऊ होता. तो आम्हांला दिसला नव्हता.

त्या चालत गेल्या. आम्ही आठ-दहा पावले मागे राहिलो, कारण अट तशी होती. लुगड्याचा काठ पोटरीपर्यंत वर घेतला. पाणी घोट्याला लागले, मग पोटरीला. पायाखालची वाळू सरकली तेव्हा त्यांचा हात क्षणभर हवेत गेला. आमच्यातील एक जण पुढे धावला आणि दुसरीने त्याला धरून ठेवले. हात खाली आला. त्या तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ, ते आम्ही मोजले नाही. मुलाने तोवर दोन किल्ले बांधले आणि मोडले होते.

परत आल्यावर त्या वाळूत बसल्या. आमचा त्या दिवशीचा पुढचा बेत पालगडचा होता. साने गुरुजींचे घर पाहायचे होते. आई म्हणाल्या, "तुमी जा. म्या पानी माघारी येईस्तोवर बसते." मुलगी त्यांच्याजवळ थांबली. आम्ही गेलो, घर पाहिले, नमस्कार केला, फोटो काढले. दुपार कलताना परतलो तेव्हा सकाळी त्या जिथे बसल्या होत्या तिथे पाणी होते आणि त्या सुरूच्या बनापाशी सरकल्या होत्या. मुलीने सांगितले की, आजीने काठीने वाळूत रेघ ओढली, पाण्याने ती पुसली, की मागे सरकून पुन्हा ओढली; दिवसभर. पाणी कधी झरझर येते, कधी रेंगाळते, पक्षी कुठल्या वेळी उतरतात आणि कालवे काढणाऱ्या बायका केव्हा उठून जातात, हे सारे त्या दोघींनी पाहिले होते. आम्ही एक दार आणि एक पाटी पाहून आलो होतो.

वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न आम्ही आईंना सांगितला. ओहोटीला पाणी जाते कुठे?

त्या थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. "जाऊ द्या की. हे माघारी येतंय," त्या म्हणाल्या. "आपल्या पूर्णेचं तसं नाय."

घरी आल्यावर आम्ही विद्यार्थ्याला उत्तर पाठवले. बेटांविषयी काहीच लिहिले नाही. एवढेच लिहिले की, शेवटच्या ओळीत तू जे लिहिले आहेस ते आई-वडिलांना विचारून लिहिले आहेस का? आठवड्याने त्याचे उत्तर आले. त्याने विचारले होते. आईला विमान उतरताना खिडकीशी बसायचे आहे, बाकी कुठेही चालेल. वडिलांना समुद्रात रस नाही. त्यांना तिकडची शेती पाहायची आहे, कमी पाण्यात काय येते ते. तो आता क्रीटमध्ये किनाऱ्यापासून आत, ऑलिव्हच्या बागांमध्ये राहण्याची जागा शोधत आहे.

आमच्या घरी भिंतीवरच्या कालदर्शिकेत माघी पौर्णिमेला पेन्सिलने गोल केला आहे. भांग पाहून झाला. आईंना आता उधाण पाहायचे आहे. पाण्यात उतरायचे नाही, लांबून बघायचे, असे त्यांनीच सांगितले. वेळही काढून ठेवली आहे. पंधरा पाऊण सव्वाअकरा.